सूत वेगळं असेल तर मागाचं कौतुक कशाला?



आज एका जुन्या शोधनिबंधाची चिरफाड करू. निमित्त झालं आमच्या लॅबमधले एक सीनियर. ते वसईचे, कॅथलिक कुटुंबातले. मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीला जाणार. वहिनींना वाटतं घरीच शिकवावं, आजीचा आग्रह चर्चच्या शाळेचा. मला एक पेपर पाठवून ते म्हणाले, "यातले आकडे बघ, घरी शिकलेली मुलंच पुढं आहेत. विषय संपला ना?"

विषय संपत नाही, कारण दोघींच्याही बाजूला आधार आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये आई-वडिलांनाच मुलांचे पहिले शिक्षक मानलं. १९८३ ची धर्मसंहिता मात्र सांगते की मुलांना कॅथलिक शिक्षण देणाऱ्या शाळेत घाला. ते जमत नसेल तर शाळेबाहेर त्याची सोय करा. मग निर्णयासाठी माणूस आकड्यांकडं वळतो. आपलं काम तिथं सुरू होतं.

तो पेपर लॉरेन्स रूडनर यांचा, १९९९ चा, अमेरिकेतला. सॅम्पल दणदणीत: ११,९३० कुटुंबांतली २०,७६० मुलं. निष्कर्ष असा की घरी शिकणाऱ्यांचे मध्यक गुण बहुतेक ठिकाणी ७० ते ८० पर्सेंटाइलमध्ये. राष्ट्रीय मध्यक अर्थातच ५०.

आता थांबा. ही मुलं आली कुठून? बॉब जोन्स विद्यापीठाच्या चाचणी सेवेकडं ज्या कुटुंबांनी पैसे भरून परीक्षा घेतली, त्यांच्यातून. हे कट्टर प्रोटेस्टंट विद्यापीठ, कॅथलिक पंथाला विरोध करणारं म्हणून ओळखलं जाणारं. म्हणजे सीनियरना ज्यांच्यासाठी उत्तर हवं होतं, ती कुटुंबं या सॅम्पलमध्ये फारशी येणारच नाहीत! शिवाय यातल्या ८८ टक्के पालकांनी बारावीच्या पुढं शिक्षण घेतलेलं. देशात हे प्रमाण ५० टक्के. आणि अभ्यासाचा खर्च होमस्कूलिंगची बाजू लढवणाऱ्या संघटनेनं केलेला.

मी कबनूरचा, म्हणून मागाचं उदाहरण देतो. एका मागावर चांगलं सूत लावलं, दुसऱ्यावर तुटकं. कापड बघून 'पहिला माग भारी' म्हणालात, तर इचलकरंजीतला कुठलाही कारागीर हसेल. सूत सारखं असल्याशिवाय मागांची तुलना होत नाही. यालाच आपण निवड-पूर्वग्रह म्हणतो.

आता आजीची बाजू. जेम्स कोलमन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये सुमारे ५८ हजार विद्यार्थ्यांच्या माहितीवरून कॅथलिक शाळा सरकारी शाळांपेक्षा सरस ठरवल्या. त्यांनी घरच्या परिस्थितीचा हिशेब धरला होता. तरी आक्षेप तोच आला, की फी भरून तिथं मूल घालणारे पालक मुळातच वेगळे. २००५ मध्ये आल्टॉनजी, एल्डर आणि टेबर यांनी न दिसणाऱ्या फरकांचाही अंदाज घेतला. तेव्हा कॅथलिक हायस्कूलमुळं शाळा पूर्ण करण्याचं प्रमाण वाढतं, हे टिकलं. चाचणीतल्या गुणांचा फायदा मात्र जवळपास उरला नाही.

रूडनर यांच्यावर अन्याय नको. घरचं शिक्षण श्रेष्ठ असल्याचं यातून सिद्ध होत नाही, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट लिहिलंय. पण पेपर फॉरवर्ड करणारे आकडे तेवढे उचलतात. आपल्याकडंही तेच होतं. मुंबईची मालविका जोशी दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय २०१६ मध्ये एमआयटीत गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. तिच्यामागं इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडची तीन पदकं होती, आणि घरी शिकून जे मागं राहिले त्यांची बातमी होत नाही, हे कुणी सांगत नाही.

मी सीनियरना एवढंच म्हणालो, "दादा, या पेपरवरून शाळाही ठरवू नका आणि घरही. रोज चार तास कोण बसणार, आणि पुढं मुक्त विद्यालयातून दहावी द्यायची तयारी आहे का, ते आधी बोला." ते जरा नाराज झाले. त्यांना आकडा हवा होता.

तुमच्यासाठी गृहपाठ: रूडनर यांचा पेपर इंटरनेटवर फुकट मिळतो. निकालाचे तक्ते नंतर बघा, आधी सॅम्पल कसं निवडलं तो भाग वाचा. आणि स्वतःच्या सिनॉप्सिसला हाच प्रश्न विचारा: माझ्या दोन गटांचं सूत सारखं आहे का? गाइडनं विचारण्याआधी तुम्ही विचारलेलं बरं.