तारेत न मावणारा निरोप

जानेवारी २००० मध्ये 'सेल' या नियतकालिकात डग्लस हॅनाहन आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांचा 'द हॉलमार्क्स ऑफ कॅन्सर' हा लेख आला. कर्करोगाविषयी सर्वाधिक उद्धृत झालेल्या लेखांपैकी तो एक. कर्करोगाचे प्रकार शेकडो असले, तरी पेशी कर्करोगी होताना ज्या क्षमता कमावते त्या मोजक्या आहेत, अशी त्याची मांडणी. वाढीचा आदेश स्वतःच स्वतःला देणं, 'थांब' हा आदेश न ऐकणं, ठरलेलं मरण टाळणं, अमर्याद विभाजन, स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेणं आणि शेजारच्या ऊतींत घुसून दूरवर पसरणं, अशा सहा क्षमता. विखुरलेल्या माहितीच्या ढिगाला या लेखानं आकार दिला, हे कोणीही मान्य करेल.

मला मात्र तो आवडला त्यातल्या दुसऱ्या आकृतीमुळे. पेशीतली प्रथिनं एकमेकांना रेषांनी जोडलेली आहेत आणि त्या जाळ्याला लेखकांनी पेशीचं 'इंटिग्रेटेड सर्किट' म्हटलं आहे. ट्रान्झिस्टरच्या जागी प्रथिनं, इलेक्ट्रॉनच्या जागी फॉस्फेट. मी सॉफ्टवेअरवाला, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून असल्याच आकृत्या बघत वाढलेला. कर्करोग म्हणजे सर्किटमधला बिघाड, हे वाचल्यावर रोग कळला असं वाटलं. जीवशास्त्र न शिकता कळला, म्हणून जास्तच आनंद झाला.

हाच आनंद मी गेल्या दिवाळीत घाटनांदूरला घेऊन गेलो. काकांच्या गालाच्या आतल्या गाठीचं निदान होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. मावशीनं विचारलं, "हे नेमकं होतं तरी काय?" मी वहीच्या पाठीमागं चौकोन काढले, रेषा ओढल्या आणि एका रेषेवर फुली मारली. मावशीनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग ती खराब झालेली तार तोडून टाकायची की रे. एवढं काय अवघड?" आणि लगेच पुढचा प्रश्न: "अन् ह्यांच्या कॅल्शियमच्या गोळ्या चालू हैत, त्या देऊ का नको? तंबाखूत चुना मळायचे. चुना म्हंजी कॅल्शियमच ना?"

दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्याच्या शोधात कॅल्शियम आणि कर्करोगी पेशी यांवरचे निबंध वाचायला घेतले आणि त्यातून पहिल्याचंही उत्तर हळूहळू दिसायला लागलं. ते असं, की ज्या आकृतीनं मला रोग 'कळला' होता, तिच्यात दोन मोठ्या गोष्टी सुटल्या आहेत.

आधी चुन्याचं. चुना तंबाखूला अल्कधर्मी करतो, त्यामुळे निकोटीन मोकळं होऊन गालातून झटकन रक्तात उतरतं. चुन्यानं गालाची नाजूक त्वचा भाजते ती वेगळीच. कर्करोगाला मुख्यतः कारणीभूत असतात ती तंबाखूतली नायट्रोसअमाईन गटातली रसायनं. पेशीच्या आत चालणाऱ्या कॅल्शियमच्या खेळाशी मळलेल्या चुन्याचा असा थेट संबंध नाही. गोळीचाही नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर संप्रेरकांच्या मदतीनं अरुंद मर्यादेत ठेवतं आणि पेशी तर त्याहून कडक पहारा ठेवते. पेशीबाहेर जितकं मोकळं कॅल्शियम असतं, त्याच्या सुमारे दहा हजारांश भागच पेशीद्रवात असतो. हा उतार टिकवण्यासाठी पेशीचे पंप रात्रंदिवस ऊर्जा खर्च करून कॅल्शियम बाहेर फेकत असतात, नाहीतर आंतर्द्रव्यजालिकेच्या कोठारात भरत असतात. काही कर्करोगांत रक्तातलं कॅल्शियम वाढतं, म्हणून गोळी द्यायची की नाही हे रक्ततपासणी पाहून डॉक्टरांनीच ठरवायचं. पण 'कॅल्शियम खाल्लं, गाठ वाढली' इतका सरळ हिशेब नाही.

मग कॅल्शियम पेशीत करतं काय? याची पहिली खूण लंडनच्या नळाच्या पाण्यात सापडली. सिडनी रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर क्षारांच्या द्रावणात धडधडत ठेवत असत. ते द्रावण नळाच्या पाण्यात केलेलं होतं, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. शुद्ध पाण्यात केलं, तर धडधड टिकेना. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम परत घातलं, तेव्हा ती टिकली. हे १८८३ साली प्रसिद्ध झालं. पुढच्या शतकात कळत गेलं, की स्नायू आकसणं, चेतापेशीनं निरोप पुढं देणं, फलित अंड्याचं जागं होणं, पेशीचं विभाजन आणि पेशीचं मरण, या सगळ्यांत हाच एक आयन आहे.

सर्किटच्या उपमेची पहिली अडचण इथं येते. आकृतीतल्या प्रत्येक रेषेला एक अर्थ आहे: याच्यामुळे ते. पण कॅल्शियमला असा एक अर्थ नाही. पेशी ते तयार करू शकत नाही, नष्टही करू शकत नाही. फक्त इकडून तिकडं हलवू शकते. अर्थ ठरतो तो किती, कुठं, किती वेळ आणि कोणत्या लयीत यावर.

आमच्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला असायचा. सावकाश तीन टोले म्हणजे तास बदलला, सलग बडवली म्हणजे शाळा सुटली. लोखंड तेच, हातोडा तोच. शिवाय तोच ठोका ऐकून गुरुजी वर्ग बदलायचे आणि खिचडीवाल्या बाई पातेलं उतरवायच्या. पेशीत याच्याशी फार जुळणारं काही तरी होतं, हे १९९८ साली रिचर्ड लुइस यांच्या गटानं टी-पेशींवर दाखवलं. पेशीद्रवातलं कॅल्शियम भराभर उसळ्या मारत राहिलं, तर जनुकं चालू करणारे तीन वेगवेगळे घटक जागे होतात. उसळ्या विरळ असतील, तर त्यांतला एकच. निरोप लयीतच होता.

आता गंमत अशी, की आम्ही इंजिनिअर सर्किट काढतो तेव्हा एवढ्यावर थांबत नाही. सोबत वेळेचा आलेख काढतो, कोणता संकेत कधी चढला आणि कधी उतरला याचा. घड्याळ नसलेली चिप म्हणजे नुसता वाळूचा तुकडा. हॅनाहन-वाइनबर्ग यांच्या आकृतीत घड्याळ नाही. २०११ साली त्यांनी लेखाची सुधारित मांडणी केली, क्षमतांत भर घातली, सर्किटची उपसर्किटं केली. पण वेळ तेव्हाही आकृतीत आली नाही. म्हणून त्यांनी इंजिनिअरिंगची उपमा वापरली यापेक्षा ती अर्धीच उसनी घेतली, याचीच मला जास्त तक्रार आहे. तारा घेतल्या, घड्याळ ठेवून दिलं.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे, आणि ती उपमा पूर्ण घेतली तरी सुटत नाही. सर्किट म्हटलं की 'बिघाड' हा शब्द मागोमाग येतो. माझी वहीतली फुली तिथूनच आली होती. जनुकं बिघडतात हे खरंच. पण बिघडलेल्या जनुकांच्या पेशीत कॅल्शियमची यंत्रणा पाहिली, तर बरेचदा ती मोडलेली नसते. ती चालू असते, वेगळ्या कामाला लावलेली असते. आंतर्द्रव्यजालिकेतलं कोठार रिकामं झालं की स्टिम-१ हे प्रथिन ते ओळखतं आणि पेशीच्या आवरणातली ओराय-१ ही झडप उघडायला लावतं. या जोडीची ओळख २००५-०६ मध्ये पटली. ही निरोगी शरीराची, रोगप्रतिकाराला अत्यावश्यक अशी यंत्रणा. २००९ साली 'कॅन्सर सेल'मध्ये आलेल्या कामात दिसलं, की स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी सरकण्यासाठी हीच जोडी वापरतात. ती दडपली, तर उंदरांत त्यांचं पसरणं कमी होतं.

तंतुकणिकांचं उदाहरण याहून बोलकं आहे. कोठारातून थेंबथेंब कॅल्शियम तंतुकणिकांना मिळत राहिलं, तर पेशीला ऊर्जा मिळते. एकदम लोंढा आला, तर तेच कॅल्शियम मरणाची सुरुवात करून देतं. बीसीएल-२ हे मरण टाळणारं प्रथिन कोठाराचं दार किलकिलं ठेवून हा लोंढा अडवतं. सेझर कार्देनास, केव्हिन फॉस्केट आणि सहकाऱ्यांनी २०१० साली हा थेंबथेंब पुरवठा किती आवश्यक आहे ते दाखवलं. २०१६ साली त्यांनी तो पुरवठा तोडून पाहिला. निरोगी पेशींनी विभाजन थांबवलं आणि तग धरला. कर्करोगी पेशी मात्र ऊर्जा नसतानाही विभाजनाकडे धावत गेल्या आणि मेल्या. म्हणजे तार दोघींचीही सारखीच शाबूत होती. फरक होता तो थांबता येण्यात.

मावशीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे असावं. तार तोडता येते, पण ती काकांच्या हृदयाचीही तार आहे. थॅप्सिया गार्गानिका या वनस्पतीतलं थॅप्सिगार्गिन कोठाराचे पंप बंद पाडून पेशी मारतं, कोणतीही पेशी. म्हणून त्याला निष्क्रिय रूपात बांधून गाठीजवळच सुटेल असं औषध करण्याचा प्रयत्न झाला, माणसांवर चाचण्याही झाल्या. रोजच्या उपचारात ते आलेलं नाही. 'बिघाड शोधा, दुरुस्त करा' या विचारानं इथं भागत नाही. शोधायचं आहे ते कर्करोगी पेशी कशावाचून अडते आणि निरोगी पेशी कशावाचून निभावून नेते, ते.

माझ्यासारख्यांचा लाडका आणखी एक लेख आहे: युरी लाझेब्निक यांचा, जीवशास्त्रज्ञ रेडिओ दुरुस्त करू शकेल का, असं विचारणारा, २००२ सालचा. भाग काढून काय बिघडतं ते पाहायचं आणि प्रत्येक भागाला नाव द्यायचं, या पद्धतीची त्यांनी खुसखुशीत थट्टा केली आणि इंजिनिअरांसारखी काटेकोर भाषा मागितली. मागणी रास्तच आहे. पण रेडिओ कोणी तरी एका कामासाठी बनवलेला असतो. पेशी तशी बनवलेली नाही, आणि रेडिओचा बिघडलेला भाग स्वतःच्या प्रती काढत सुटत नाही. तरी लाझेब्निक यांच्या बाजूनं एक साक्ष द्यायलाच हवी. २०२३ साली 'नेचर'मध्ये हायडेलबर्गच्या गटानं मेंदूतल्या ग्लायोमा गाठींविषयी लिहिलं. त्या पेशी लांब धाग्यांनी जोडलेल्या असतात आणि थोड्याच पेशी कॅल्शियमच्या ठरावीक तालानं सगळ्या जाळ्याला चालवतात. कुठल्याही पेशी मारल्या तर जाळं तगतं, तालधारी मारल्या तर ढासळतं. हे त्यांना जाळ्यांच्या गणितामुळेच दिसलं. पण त्यांनी ताल मोजला होता. उपमा पूर्ण घेतली की ती कामाला येते, ती अशी.

या प्रयोगांतले बहुतेक बशीतल्या पेशींवर किंवा उंदरांवर झालेले आहेत, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे मुंबईत कमल रणदिवे यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली, तेव्हापासून बशीतल्या पेशींनी पुष्कळ शिकवलं. पण बशीपासून घाटनांदूरच्या माणसाच्या गालापर्यंतचं अंतर मोठं आहे.

मराठीत 'सिग्नलिंग'ला आपण 'संकेतन' म्हणतो. मला 'निरोप' बरा वाटतो. संकेत ठरलेला असतो, रेल्वेच्या सिग्नलसारखा. निरोपाचा अर्थ तो कधी आला आणि कोणी ऐकला यावरही ठरतो. 'हॉलमार्क्स' मी आजही नव्या वाचकाला सुचवेन, फक्त दुसऱ्या आकृतीपाशी थांबून तिच्यात वेळ कुठं आहे हे शोधायला सांगेन.

मावशीला मी फोन केला. गोळ्यांचं डॉक्टरांना विचार, तंबाखू मात्र चुन्यासकट बंद, आणि माझं ते चित्र अर्धवट होतं, असं सांगितलं. ती म्हणाली, "तंबाखूचं तर मी बिना चित्राचं बी सांगत व्हते त्यांला."