बिस्मिल्लाखाँ
(२१ मार्च १९१६–२१ ऑगस्ट २००६). सनईला मैफलीत स्वतंत्र स्थान मिळवून देणारे ख्यातनाम हिंदुस्थानी वादक. जन्म बिहारमधील डुमराव येथे, दरबारी वादकांच्या घराण्यात. वाराणसीच्या विश्वनाथ मंदिरात सनईवादन करणारे मामा अलीबक्ष हे त्यांचे गुरू.

देवळातील व लग्नसमारंभातील मंगलवाद्य ही सनईची पूर्वापार ओळख. महाराष्ट्रात ती चौघड्याशी निगडित आहे. पाश्चात्त्य ओबो हेही दुहेरी पत्तीचेच वाद्य. तथापि ओबोला कळा बसविण्यात आल्या, सनईला नाहीत. परिणामी कोमल-तीव्र स्वर व मींड ही छिद्रे अर्धवट झाकून आणि ओठांचा व श्वासाचा दाब बदलून साधावी लागतात. हे बिकट तंत्र बिस्मिल्लाखाँनी गायकीच्या सेवेस लावले. ख्यालाची आलापी आणि ठुमरी, कजरी, चैती यांचे लालित्य त्यांच्या वादनात एकत्र आले. व्हायोलिनवादक वि. गो. जोग यांच्याबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या गाजल्या. गूँज उठी शहनाई (१९५९) या चित्रपटातील त्यांची सनई घरोघरी पोहोचली. लयीच्या करामतीपेक्षा स्वराचे आर्जव हेच त्यांचे खरे सामर्थ्य होय. त्यांच्या धुनांच्या लोकप्रियतेमुळे मात्र त्यांच्या रागदारी वादनाचे मोल काहीसे झाकोळले.

भारतरत्न (२००१) हा सर्वोच्च सन्मान त्यांना लाभला. त्यांच्यामुळे सनईला प्रतिष्ठा मिळाली. परंतु देवळांत व लग्नांत वाजविणाऱ्या परंपरागत वादकांच्या वाट्याला ती क्वचितच आली. सोलापूरच्या जाधव घराण्याने जोपासलेली ‘सुंदरी’ हे सनईच्याच जातीचे लहान वाद्यही रसिकांना अल्पपरिचितच राहिले. एका थोर कलावंताच्या कीर्तीने वाद्य मोठे होते. परंपरा टिकण्यास अनेकांचा योगक्षेम चालावा लागतो.