गोळीनं मेहनत वाढते, पण उत्तर?

मागच्या रविवारी चिखलदऱ्याला इथलीच कॉफी पिता पिता नेटची तयारी करणारा मावसभाऊ म्हणाला, "दादा, कॉफी चालते, मंग गोळी काऊन नाही चालत? घेतली की चार तास पोरगा जागचा हलत नाही."

गोळी म्हणजे मिथाइलफेनिडेट. एडीएचडीसाठी डॉक्टर लिहून देतात ती. एनडीपीएस कायद्याच्या यादीतलं औषध आहे, मित्राला वाटायची गोष्ट नाही. पण भावाचं मोजमाप पाहा: बसलेले तास.

नेमकं इथंच एलिझाबेथ बोमन आणि सहकाऱ्यांचा मेलबर्नचा पेपर ('सायन्स अ‍ॅडव्हान्सेस', 2023) कामाचा आहे. 40 निरोगी तरुण. प्रत्येकानं वेगवेगळ्या दिवशी मिथाइलफेनिडेट, डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामिन, मोडाफिनिल आणि नुसती खोटी गोळी घेतली, आणि पिशवीचं कोडं सोडवलं: वजनाची मर्यादा पाळून सर्वांत जास्त किमतीच्या वस्तू भरायच्या. औषध घेतल्यावर लोकांनी वेळ जास्त दिला, वस्तू जास्त वेळा आतबाहेर केल्या, पण उत्तरं काही सुधारली नाहीत. उलट खोट्या गोळीवर सरासरीच्या वर असलेले औषधावर सरासरीच्या खाली गेले.

हे वाचल्यावर तुमच्या मनात शंका यायलाच पाहिजे: हे सरासरीकडे परतणं तर नाही? मलाही आधी तेच वाटलं. पण तसं असतं तर हुशार मुलं सरासरीच्या जवळ आली असती, ती ओलांडून खाली गेली नसती. पेपरचा हा भाग मला सगळ्यात भक्कम वाटतो.

कच्चं कुठं आहे? 'मेहनतीचा दर्जा' म्हणजे एका हालचालीमागे किती फायदा, ही व्याख्या त्यांचीच. पिशवीच्या कोड्यात ती बसते. नेटच्या पेपरात पाठांतर लागतं, तिथं बसेलच असं नाही. शिवाय दर वेळी एकच डोस दिलेला. महिनाभर रात्री जागून घेणाऱ्याबद्दल, झोपेबद्दल, सवयीबद्दल हा पेपर गप्प आहे. एडीएचडी असलेला एकही जण यात नव्हता, म्हणून 'औषधच निरुपयोगी' असा अर्थ काढणं तर सरळ चूक. एखाद्याला डॉक्टरांनी दिलेली गोळी असली बातमी वाचून बंद करू नका रे बाबांनो.

भावाला एवढंच विचारलं, त्या चार तासांत सोडवलेले प्रश्न कोणी तपासले का? तो म्हणाला, "तपासाले कोन बसते?"