कथा साधी, आकर्षण मोठे : मार्शल आर्ट्स चित्रपटांविषयी एक टिपण

‘कथेत दम नाही, पण मारामारी भारी’ हा शेरा मार्शल आर्ट्स चित्रपटांबद्दल नेहमी ऐकू येतो. आप्तांचा खून, नायकाचे शिक्षण आणि शेवटी सूड, एवढाच बहुतेक कथांचा सांगाडा. तरीही प्रेक्षक तो पुन्हा पुन्हा का पाहतो?

कोल्हापूरच्या खासबाग मैदानातील कुस्ती आठवा. तिला कथानक नसते; दोन मल्ल आणि एक निकाल. तरी जाणकार प्रेक्षक पकड, डाव आणि त्याची तोड बारकाईने पाहत असतो. त्याच कोल्हापूरचे मास्टर विठ्ठल मूकपटांच्या काळात स्टंटपटांचे लोकप्रिय नायक होते. पुढे ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाचेही ते नायक झाले. मूकपटात संवाद ऐकू येत नव्हते, म्हणून नायकाचा देहच बोलत असे.

आता लाउ कार-लिउंग यांचा ‘द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ (१९७८) पाहू. कथा एका वाक्यात संपते : मांचू सत्तेच्या जुलमातून निसटलेला तरुण शाओलिन मठात युद्धकला शिकतो आणि परततो. पण चित्रपटाचा मोठा भाग शिकण्यालाच दिलेला आहे. दंडांना सुरे बांधून तो पाण्याच्या बादल्या वाहतो. हात खाली आले की सुरा बरगडीत रुततो. पुढे एका ज्येष्ठ भिक्षूकडून तो वारंवार हरतो आणि त्या पराभवातूनच तीन खंडांची काठी घडवतो. अडचण, अपयश, नवी युक्ती : कथानकाचे हे सारे घटक इथे देहाच्या हालचालीत आले आहेत. बाहेरची कथा साधी असल्यामुळेच आपले लक्ष त्यांच्याकडे जाते.

याच साधेपणामुळे हे चित्रपट भाषेची सीमा ओलांडतात. झाशीच्या सीपरी बाजारातला प्रेक्षक असो वा कोल्हापूरचा, थकलेला हात समजायला मँडरिन यावी लागत नाही.

मात्र साधेपणाची किंमतही असते. ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये (१९७३) नायकाच्या बहिणीचा मृत्यू सूडाला कारण पुरवतो, तिचे स्वतःचे आयुष्य त्यापलीकडे उरत नाही. शत्रूही अनेकदा केवळ ‘दुष्ट’ असतो. चांगल्या मारामारीने ही उणीव झाकली जाते, भरून निघत नाही.

म्हणून समीक्षकाने ‘कथा काय आहे?’ एवढ्यावर थांबू नये. लढतीच्या आरंभी असलेला माणूस आणि शेवटी उरलेला माणूस यांत काही फरक पडला का, हे तपासावे. फरक पडला नसेल, तर ती नुसती कसरत होय.

विचारासाठी प्रश्न : आपल्या आवडत्या चित्रपटातील एक लढत आवाज बंद करून पाहा. तिच्यातून कोणती गोष्ट कळते आणि कोणती कळत नाही?