घुबडाचे डोळे एकीकडे, कॅमेरा दुसरीकडे: डिझाईन पेटंट कसं वाचायचं?

पेटंटच्या डेटाबेसमध्ये 'व्हिडिओ कॉन्फरन्सिंग डिव्हाइस' असं शोधलं की यादीत दोन वेगळ्या जातीचे दस्तऐवज शेजारी-शेजारी येतात. एक युटिलिटी पेटंट, म्हणजे उपकरण कसं चालतं त्याचं. दुसरं डिझाईन पेटंट, म्हणजे ते दिसतं कसं त्याचं. अमेरिकन डिझाईन पेटंटच्या क्रमांकाआधी 'डी' हे अक्षर असतं. ते न बघता तो क्रमांक लिटरेचर रिव्ह्यूमध्ये तांत्रिक पुरावा म्हणून टाकला, तर अख्खा परिच्छेदच लंगडा होतो. कारण त्या कागदात तंत्र नसतंच.

मग असतं काय? फक्त एक क्लेम, तोही ठरलेल्या साच्यातला: चित्रात दाखवलेल्या उपकरणाचं अलंकारिक डिझाईन. बाकी सगळी चित्रं. समोरून, मागून, बाजूंनी, वरून, खालून. खरा मजकूर या चित्रांच्या रेषांमध्ये आहे. सलग रेषेत काढलेला भाग म्हणजे हक्क सांगितलेला भाग. तुटक रेषेतला भाग नुसता संदर्भासाठी, त्यावर हक्क नाही. समजा, उपकरणाचा स्टँड तुटक रेषेत आहे. मग तुम्ही वेगळा स्टँड लावून तोच वरचा भाग बनवलात, तरी अडकू शकता. म्हणजे तुटक रेषा वाढल्या की हक्क कमी होत नाही, उलट रुंदावतो! पहिल्यांदा वाचताना हे उलटंच वाटतं.

आता 'अलंकारिक' या शब्दाकडे येऊ. माझा आक्षेप या शब्दावर आहे. कायद्याच्या दृष्टीने त्यात तर्क आहे: जो आकार केवळ कामाच्या गरजेतून आला, त्यावर डिझाईनचा हक्क मिळू नये. पण व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या उपकरणात शोभा आणि काम यांची फाळणी इतकी सोपी नाही.

मीटिंग आऊल हे उदाहरण घ्या. आऊल लॅब्स या अमेरिकन कंपनीने ते 2017 मध्ये बाजारात आणलं. टेबलाच्या मध्यभागी ठेवायचं, उभट, घुबडासारखं उपकरण. डोक्यावर 360 अंशांत बघणारा कॅमेरा आणि पुढच्या बाजूला दोन गोल डोळे, उपकरण चालू असताना उजळणारे. उभट आकाराला कारण आहे: कॅमेरा टेबलावरच्या वस्तूंपेक्षा वर, बसलेल्यांच्या चेहऱ्यांच्या जवळ जातो. डोळ्यांना मात्र असं कारण नाही, ते काहीच बघत नाहीत. म्हणजे ते 'अलंकार' झाले.

डिझाईन म्हणून मला ते आवडतं. काळ्या डब्यापेक्षा घुबड बरं, आणि डोळे उजळले की 'चालू आहे' हे न सांगता कळतं. (आपल्याकडे घुबड अशुभ, तिकडे शहाणं, हा भाग वेगळा.) पण एक गडबड आहे. डोळे एकाच दिशेला आहेत आणि कॅमेरा सगळीकडे बघतोय. घुबडाच्या पाठीमागे बसलेल्या माणसाला सहज वाटेल की आपण नजरेआड आहोत. आपण समोरच्याची नजर डोळ्यांवरून ओळखतो, डोक्याच्या टोकावरून नाही. म्हणजे ही 'शोभा' खोलीतल्या माणसांना माहिती देते, आणि ती माहिती अर्धवट आहे. माझ्या मते हा या डिझाईनचा सगळ्यात मोठा दोष. उजेडाची एक कडी डोक्याभोवती फिरवली असती, तर घुबडपण थोडं कमी झालं असतं, पण प्रामाणिकपणा वाढला असता.

बाह्यरूपावरून आतलं ठरवू नये, याचाही दाखला इथेच मिळतो. 2022 मध्ये मॉडझीरो या सुरक्षा संस्थेने मीटिंग आऊल प्रोमधल्या गंभीर त्रुटी जाहीर केल्या. गोंडस चेहऱ्यावरून त्यांचा पत्ता लागणं शक्यच नव्हतं, आणि कुठल्याही डिझाईन पेटंटच्या चित्रावरूनही लागला नसता.

भारतातली चौकट साधारण अशीच आहे. 2000 च्या डिझाईन कायद्यात डिझाईन म्हणजे फक्त डोळ्यांनी पारखायची गोष्ट. रचनेचं तत्त्व आणि निव्वळ यांत्रिक साधन त्यातून वगळलेलं आहे. नोंदणी 10 वर्षांची, पुढे 5 वर्षांनी वाढवता येते. आपल्याकडे याला पेटंट म्हणत नाहीत, 'नोंदणीकृत डिझाईन' म्हणतात. सिनॉप्सिस लिहिताना हा फरक सांभाळा.

तर मग डिझाईन पेटंट संशोधनात निरुपयोगी का? अजिबात नाही. एखाद्या उपकरणाचा आकार काळानुसार कसा बदलला, कंपनीला कुठला भाग स्वतःची ओळख वाटतो, हे सांगायला याच्याइतका नेमका पुरावा क्वचित मिळतो. फक्त वाचताना तीन प्रश्न सोबत ठेवा. सलग रेषेत काय आहे? तुटक रेषेत काय ढकललंय? आणि हे उपकरण चालू झाल्यावर खोलीतल्या माणसाला त्याच्या रूपावरून काय वाटेल? पहिल्या दोघांची उत्तरं कागदावर मिळतील. तिसऱ्यासाठी माणसांना भेटावं लागेल, निरीक्षण करावं लागेल. आणि खरं सांगायचं तर, संशोधनाचा विषय बहुतेक वेळा त्या तिसऱ्या प्रश्नातच सापडतो.