टिळकांचा ‘आर्क्टिक’ अग्नी : जुळणं आणि सिद्ध होणं

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांनी लोकमान्य टिळकांचं ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ (१९०३) जरूर वाचावं. निष्कर्ष पटला पाहिजे असं नाही. युक्तिवाद कसा बांधतात आणि तो कुठे सैल पडतो, हे त्यात छान दिसतं.

मांडणी शिस्तीची आहे. ध्रुव प्रदेशात दिवस, रात्र, उषा कशा असतात याची यादी टिळक आधी करतात, मग वेदांत तशा खुणा शोधतात. आधी कसोटी, मग पुरावा. सायन्सवाल्यांना हे आवडणारच.

अडचण पुरावा वाचताना येते. अग्नीचंच घ्या. ऋग्वेदात (१०.१२४) अग्नी फार काळ दीर्घ अंधारात राहिला असं म्हटलंय. टिळकांना त्यात ध्रुवावरची लांब रात्र दिसते. पण त्याच सूक्तात पुढे अग्नी पिता असुराला सोडून इंद्राकडे येतो. म्हणजे प्रसंग बाजू बदलण्याचा आहे. १०.५१ मध्ये तो पाण्यात लपतो, आणि कारणही स्वतःच सांगतो : या कामात थोरले भाऊ गेले, म्हणून भीती वाटली. तिथे लांब रात्रीचा काही संबंध नाही. शिवाय अरणीच्या लाकडातला अग्नीही दडलेलाच असतो. आपल्या पुसेगावकडच्या खेड्यांत रात्री राखेखाली झाकलेला इस्तूसुद्धा अंधारातच की! एका ओळीचे असे तीन-चार अर्थ लागत असतील, तर ती ध्रुवाशी जुळते एवढंच म्हणता येईल. सिद्ध काहीच होत नाही.

दुसरा मुद्दा काळाचा. टिळकांच्या मते इ.स.पू. १०००० ते ८००० च्या सुमारास हिमयुग आलं आणि मूळ वस्ती उद्ध्वस्त झाली. आजच्या भूविज्ञानानुसार शेवटचं हिमयुग १ लाखाहून जास्त वर्षांपूर्वी सुरू झालं आणि सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपलं. म्हणजे बर्फ हटत होता, तेव्हाच तो आला असं मानावं लागतं. हा दोष टिळकांचा नाही, त्यांनी त्यांच्या काळातलं भूविज्ञान वापरलं. पण आज तोच निष्कर्ष जसाच्या तसा फॉरवर्ड करणाऱ्यांना ही सवलत नाही.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये प्रत्येक पुराव्यासमोर एक रकाना वाढवा : ‘याचा दुसरा अर्थ काय लागू शकतो?’ तो रकाना रिकामा राहिला, तर गाईडकडे जाण्याआधी मूळ सूक्त पुन्हा पूर्ण वाचा.