अनपेक्षित नायक : फास्टर फेणे आणि नागपंचमीची सून

भा. रा. भागवतांच्या (१९१०-२००१) बनेश फेणे या मानसपुत्राची चर्चा बहुधा त्याच्या वेगापाशी थांबते. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत आलेला हा काडीपैलवान मुलगा संकटात पडतो आणि चातुर्याने निसटतो. त्याच्या नायकत्वातील अनपेक्षितता शारीरिक आहे. लेखकाने ती पहिल्या काही पानांतच निकालात काढली असल्याने पुढे वाचकाला त्याच्या यशाची शंका उरत नाही. ज्यूल व्हर्नच्या अद्भुतरम्य कथा मराठीत आणणाऱ्या भागवतांनी स्वतःच्या नायकाला मात्र वास्तवाच्या चौकटीत ठेवले, हे लक्षणीय आहे.

याच्या शेजारी नागपंचमीची कहाणी ठेवून पाहावी. व्रतवाङ्मयाच्या खात्यात टाकून आपण तिला बालकथेच्या चर्चेतून बाद करतो. पण ती ऐकतात मुलेच. तिची नायिका घरातली सर्वांत धाकटी सून. तिला माहेर नाही, म्हणून तिला न्यायला कोणी येत नाही. शेवटी शेषनाग ब्राह्मणाच्या रूपाने येतो आणि तिला पाताळात नेतो. तिथे नागिणीच्या बाळंतपणात तिच्या हातचा दिवा पडतो आणि पिल्लांच्या शेपट्या भाजतात. तीच पिल्ले मोठी होऊन सूड घ्यायला येतात, तेव्हा ही त्यांची चित्रे काढून भाऊ म्हणून त्यांचे क्षेम चिंतीत बसलेली असते. येथे पराक्रम नाही. उलट कथानकाला गती मिळते ती तिच्या चुकीने. आणि तिची अनपेक्षितता देहाची नसून नात्यांची, म्हणजे सामाजिक आहे. पाताळ हे केवळ नेपथ्य नव्हे. भूतलावर जिला कोणी नाही तिला नाते मिळू शकेल, अशी ती एकमेव जागा आहे. अद्भुत येथे अपरिहार्य आहे.

अर्थात कहाणीचे गुणगान करण्याचे कारण नाही. नायिकेला अखेर मिळतो तो हार, आणि सासरची व्यवस्था जशीच्या तशी राहते. बंडाची तिला कल्पनाही नाही. फेणे निदान प्रश्न विचारतो, मोठ्यांवर संशय घेतो. हे आधुनिकतेचे देणे नाकारता येणार नाही.

प्रश्न उरतो तो वेगळा. मराठी साहसकथेने अद्भुत सोडले तेव्हा सामाजिक उपेक्षाही सोबतच सोडली काय? बनेश खेड्यातून येतो, पण खेड्याचे त्याच्यापाशी काय उरते? त्याची भाषा शिष्टसंमत पुणेरी मराठी आहे. वसतिगृहात बोलीवरून कोणी त्याला हिणवत नाही, कारण हिणवण्याजोगी बोलीच लेखकाने त्याला दिलेली नाही. चांदूर बाजारसारख्या ठिकाणी हे पुस्तक शिकविताना ही उणीव तात्त्विक राहत नाही. फेणेवर मनापासून लुब्ध झालेला एक विद्यार्थी म्हणाला होता, "सर, पोट्टा भारी आहे, पण आपल्यावानी बोलत काहून नाई?" त्याच्या हाती देण्याजोगी वऱ्हाडी बोलणाऱ्या नायकाची साहसकथा तेव्हा माझ्यापाशी नव्हती. मी त्याला कहाणी वाचायला सांगितली.